चुलीतली गोड राख

आमच्या घरात तेजाबाची भीती देवापेक्षा जास्त होती. चांद्याला घराच्याच पडवीत बाबांचं बॅटऱ्या चार्ज करून द्यायचं दुकान होतं. तेव्हा गावोगावी वीज कुठली? अहेरीकडचे जंगल ठेकेदार, एखादी ग्रामपंचायत, एखादा हौशी माजी मालगुजार, हे सगळे रेडिओ ऐकायचे ते बॅटरीवर. बॅटरी उतरली की लाकडाच्या ट्रकवर टाकून आमच्याकडे पाठवायचे. दिवसभर त्या पडवीत बुडबुडत बसायच्या आणि घशात खवखवणारा आंबट वास घरभर भरून राहायचा. आमच्या घरी मात्र रेडिओ नव्हता, फक्त वास होता.

बाबांचे कायदे कडक. बॅटरीत ओतायच्या तेजाबाच्या बरणीजवळ पोरींनी फिरकायचं नाही. दुकानातल्या फडक्याला हात पुसायचा नाही. दुकानातलं भांडं मोरीत आणायचं नाही. "तेजाब चावते, अन् चावलं की सोडत नाई," असं सांगून ते आपली भोकं पडलेली बंडी दाखवायचे. सरकारचा याबद्दल काही नियम असलाच तर तो आमच्या गल्लीपर्यंत आलेला नव्हता. जे होते ते बाबांचेच, आणि ते आम्ही पाळत होतो. हे मुद्दाम लिहिते, कारण ही हकीकत ऐकली की लोक पटकन म्हणतात, तुम्ही निष्काळजी असाल. आम्ही निष्काळजी नव्हतो.

शिशाला मात्र कोणी भीत नव्हतं. ते चावत नाही, वास मारत नाही, अंगावर पडलं तरी कपडा फाटत नाही. एखादी बॅटरी कायमची मेली की बाबा ती फोडायचे. आतल्या शिशाच्या पट्ट्या वितळवून त्याचे गोळे धिवरांना जाळ्यासाठी द्यायचे. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये लाकडाची पातळ चीप घातलेली असे. त्या चिपांवर हक्क मायचा.

जंगलाच्या जिल्ह्यात राहून सरपणाचं कसलं अप्रूप, असं कोणाला वाटेल. पण पावसाळ्यात मोळीवाल्या बाया आणायच्या ते लाकूड ओलं असायचं. माय फुंकणी घेऊन बसली की डोळे लाल होईपर्यंत धूर आणि भाकरीचा पत्ता नाही. चीप मात्र काडी लावताच पेटायची. त्यातही मायनं बाबांचा कायदा मोडला नाही. ती चिपा घमेल्यात टाकायची, पाण्यावर पाणी बदलून धुवायची, आंबटपणा गेला का ते जिभेनं पाहायची आणि मगच छपराच्या कवेलूंवर वाळत घालायची. "असं सोन्यासारखं सरपन फेकनं म्हनजे माजच हाय," असं ती म्हणायची. सगळी गल्ली तिच्या काटकसरीचं उदाहरण द्यायची.

अशा घरात चुलीची राख तरी कशी वाया जाईल? भांडी त्या राखेनंच घासायची आणि दातही राखेनंच. चाळलेली राखुंडी एका फुटक्या वाटीत मोरीच्या कट्ट्यावर ठेवलेली असे. माझ्या धाकट्या बहिणीला, अजून शाळेतही न जाणाऱ्या त्या पोरीला, ती राख फार आवडायची. मी दात घासून चूळ थुंकायची. ती बोट चोखत बसायची.

"आपली राख गोड लागते," असं ती म्हणायची.

आम्ही हसायचो. राख कुठे गोड असते का!

मग ती वाळायला लागली. आधी पोटात कळा. नुसत्या कळा, संडास नाही, भूक नाही. रंग पिवळट पडला. हसरी पोर चिडकी झाली, कोणी हात लावला तरी रडायची. दवाखान्यात जंत म्हणाले, औषध दिलं. जंत पडले नाहीत. तिच्या हिरड्यांवर दातांच्या मुळाशी एक निळसर काळी रेघ दिसायला लागली. मायला वाटलं, पोर चूळ नीट भरत नाही, राख अडकून राहते. म्हणून ती तिला मांडीवर घ्यायची आणि स्वतःच्या बोटानं, राख घेऊनच, ती रेघ घासायची. रेघ जात नव्हती.

कोणीतरी नजर सांगितली, आणि मायला ते पटलं. पटणारच, घरात ती पोरच तेवढी गोरीगोमटी होती. रोज दिवेलागणीला माय तिच्यावरून मीठ, मोहरी आणि मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. मग त्याच चुलीतली चिमूटभर राख तिच्या कपाळाला लावायची आणि चिमूटभर जिभेवर ठेवायची. इतर औषधं ती थुंकून टाकायची. हे मात्र निमूट घ्यायची, तोंड पुढं करून.

पोळ्याच्या आसपास तिला झटके आले. एक झटका थांबेपर्यंत दुसरा. बाबा तिला खांद्यावर टाकून दवाखान्याकडे पळाले आणि परत येताना चालत आले. ती गेली होती. त्यानंतर बाबांनी मेलेल्या बॅटऱ्या फोडणं बंद केलं, पण ते कळून नव्हे, नुसतं मन उडालं म्हणून.

बाबा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, माझ्या घरी इन्व्हर्टर आला होता तेव्हाची गोष्ट. माय माझ्याकडेच असायची, पार थकलेली. त्याची बॅटरी बदलायला दुकानदार स्वतः आला आणि जुनी उचलायला लागला. मी म्हटलं, राहू द्या, कशाला तरी कामी येईल.

"नाई बाई, जुनी वापस घेनंच लागते, कायदाच हाय. आतमधी शिसं राह्यते, त्याची भुकटी गोड लागते. लेकराच्या पोटात गेलं त पोट दुखते, झटके येते, हिरड्या काळ्या पडते."

धुतल्यावर चिपांचा आंबटपणा गेला होता, शिसं नाही. मला राग आला. अजूनही येतो, आणि कोणावर काढावा ते कळत नाही, म्हणून जास्त येतो. कायदा आला तो असा, बहिणीला जाऊन आयुष्य उलटल्यावर, आणि माझ्या दारात जुनी बॅटरी मागत.

दुकानदार गेल्यावर मायनं बाजेवरून विचारलं, "काय सांगून राह्यला होता तो?"

"काई नाई माय. जुनी घेऊन गेला."

बॅटरी दिसली की तिला ती पोर आठवायची, हे मला माहीत होतं.

"आपन काई कमी नाई केलं तिच्यासाठी," ती म्हणाली. "मी एक दिवस तिले बिना राखेची नाई ठेवली."

"हो माय."

नव्या बॅटरीवर एक पिवळा कागद चिकटवलेला होता. वर फुली मारलेलं लहान मूल, खाली मोठ्या अक्षरांत हिंदीतून शिशाचा इशारा. मी नखानं तो कागद सोलून काढला आणि मुठीत चुरगाळला. मायला मोठी अक्षरं अजून वाचता येत होती.