हात जपला, तिथंच चुकलं

मैत्रिणींनो, दुपारी दवाखान्यातून आल्यापासून डोकं चालेना, म्हणून तुम्हालाच विचारते.

दीड महिन्यापूर्वी माझी नववीतली रेणू शाळेतून सायकलवर येताना पाणंदीत माझ्या दिराच्या ट्रॅक्टरला धडकली. उजव्या कोपराचं हाड मोडलं. प्लास्टर काढून पंधरा दिवस झाले, आज पुन्हा दाखवायचं होतं.

डॉक्टर म्हणाले, "हात सरळ कर." होईना.

"ताई, हाताला काम लावलं होतं ना?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "न्हाई साहेब, घाससुद्धा मीच भरवते."

"म्हणूनच आखडलाय. दुखलं तरी रोज वाकवायचा, सरळ करायचा. नाहीतर कायमचा असाच राहील. आणि मालिश अजिबात नको."

घरी आले तर दीर ओट्यावर बसलेले. "वैनी, उद्या मालिशवाल्याला आणतो. लई हातगुण हाय त्याला." धडकेपासून ते रेणूच्या नजरेला नजर देत नाहीत. तरी म्हटलं, "भाऊजी, डॉक्टर नको म्हणाले." ते उठून गेले.

सांजच्या पूजेला रेणूपुढं सहाण ठेवली. "आजपासून गंध तू उगाळायचं." "आई, लई दुखतंय गं," म्हणत ती रडत रडत उगाळत होती. चंदनाचं खोड तिच्या हातून घ्यायला माझा हात तीनदा पुढं गेला, तीनदा मागं घेतला.

तेच गंध देवाला लावलं. लेकराला रडवून उगाळलेलं त्याला चाललं असेल का? तुमच्यापैकी कुणाच्या लेकराचा हात असा सरळ झालाय का?