दोन वर्षांची रिकामी जागा

मी मुळात भित्री नव्हते. भीती मला अमेरिकेत आल्यावर जडली. मॉरिसव्हिलला आम्ही राहायला आलो तेव्हा दोन हजार एक साल संपत आलं होतं. त्या दिवसांत मेलबॉक्समध्ये सरकारी शिक्क्याचं पाकीट दिसलं तरी नवरा घरी येईपर्यंत मी ते उघडायची नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डची फाइल अडकलेली, माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला, आणि मला नोकरीची परवानगी नाही. वेळ जाईना म्हणून मी नवऱ्याच्या मित्रांचे रेझ्युमे लिहून द्यायला लागले. हळूहळू हात बसला. आमच्या मंडळींत तेव्हा एकच नियम होता: रेझ्युमेत गॅप दिसता कामा नये. कोणी आठ महिने कामाविना बसलेला असला, की मी त्या जागी एखादं प्रोजेक्ट घालून टाकायची. सगळेच घालायचे. त्याला आम्ही खोटं म्हणत नव्हतो, ‘व्यवस्थित करणं’ म्हणत होतो.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना शनिवारी सकाळी सॉकर खेळायला जायची. तिचा कोच होंडुरासचा होता. आठवडाभर तो लोकांच्या घरांत कार्पेट बसवायचा आणि शनिवारी या पोरींना मैदानावर पळवायचा. पन्नाशीकडे झुकलेला, जरासा लंगडणारा, कधीही आवाज न चढवणारा माणूस. त्याच्यामुळे माझी मुलगी अंगावर येणाऱ्या चेंडूसमोर न पळता उभी राहायला शिकली. तिला जे जमलं ते मला जमलेलं नव्हतं, म्हणून मला तो फार आवडायचा. इंग्रजी कामापुरतं बोलायचा, पण वाचायला कच्चा. आलेली पत्रं तो माझ्याकडून वाचून घेत असे.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात एकदा प्रॅक्टिस संपल्यावर तो माझ्यापाशी आला. तीन तासांवरच्या एका गावात लहानसा प्रोफेशनल क्लब होता आणि त्यांना मॅनेजर हवा होता.

“सेन्योरा, त्यांना माझं आयुष्य एका पानावर हवंय. तुम्ही लिहाल?”

मी वही काढली आणि तो सांगत गेला. एकोणिसाव्या वर्षी राजधानीतल्या क्लबात निवड. बचावफळीत मधोमध जागा. देशाकडून अकरा सामने. त्यातला एक मेक्सिकोत. “पूर्ण स्टेडियम आमच्या विरुद्ध ओरडत होतं,” तो म्हणाला आणि एवढ्याच वाक्याला हसला. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला. नंतर शाळेतल्या मुलांचा कोच, मग खालच्या श्रेणीतल्या एका क्लबचा मॅनेजर. तो संघ त्याने वरच्या श्रेणीत नेला. पुढे मोठं वादळ आलं, नदी मैदानावर चढली, क्लबच उरला नाही, आणि तो इकडे आला.

“गुडघा गेला आणि तुम्ही कोच झालात, यात मधली दोन वर्षं रिकामी दिसताहेत. तेव्हा काय केलंत?”

“काही नाही. चालता येत नव्हतं. आईच्या दुकानात बसून होतो.”

घरी जाऊन मी त्या दोन वर्षांपुढे टाइप केलं: सहायक प्रशिक्षक. क्लबचं नाव त्याच्याच जुन्या क्लबचं. त्याला विचारलं नाही. त्याचं भलं व्हावं म्हणून केलं, हे मी आजही म्हणेन. पण लिहिताना माझी बोटं अडखळलीसुद्धा नाहीत, हे जास्त खरं आहे.

नोकरी त्याला मिळाली. निघताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. पोरी रडल्या, मीही रडले.

तीन महिन्यांनी, शनिवारीच, तो तीन तास गाडी चालवून, हातात एक पाकीट घेऊन आमच्या मैदानावर आला. क्लब त्याच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज करणार होता. “वाचा,” तो आनंदाने म्हणाला. क्लबच्या वकिलाचं पत्र होतं. रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीसाठी त्या त्या क्लबचं अनुभवाचं पत्र हवं, नंतर सगळं सरकारकडे जाईल. मी ते दोनदा वाचलं.

एक लेटरहेड बनवायला मला दहा मिनिटं लागली असती. ते मनात आलं, लपवत नाही. लगेच दुसरं आलं: हे पकडलं गेलं तर कोणी लिहिलं ते विचारतील. मग माझं नाव, मग नवऱ्याची फाइल, मग परतीचं विमान. नवऱ्याला मी यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

“त्या दोन वर्षांपुढे मी खोटं लिहिलंय,” मी म्हणाले. काय लिहिलं तेही सांगितलं.

त्याने पत्र माझ्या हातातून परत घेतलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“कोणाला माहीत आहे?”

“कोणालाच नाही.”

“तुमच्या नवऱ्याला?”

“नाही.”

त्याने पत्राची घडी घातली. “मग ते मी लिहिलं. सोमवारी मी क्लबला सांगतो.”

मी येते तुमच्याबरोबर, असं मी म्हणायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. मी म्हणाले, “थँक यू.”

पुढचे बारा दिवस मी खिडकीशी काढले. पार्किंगमध्ये अनोळखी गाडी शिरली की मी पडदा ओढून घ्यायची. फोन वाजला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. “मॉम, व्हॉट आर यू लुकिंग ॲट?” मुलगी विचारायची. नवरा म्हणायचा, “अगं, फाइलचं एवढं टेन्शन नको घेऊस यार, होईल अप्रूव्ह.” मी मान हलवायची. त्या माणसाचं तिकडे काय झालं असेल, हा विचार यायचा, पण माझं काय होईल हा विचार झाल्यानंतर.

त्यानंतरच्या शनिवारी मुलीला घेऊन मैदानावर गेले तर तो तिथेच होता, पोरींसाठी चेंडू ओळीने मांडत. मी काही विचारायच्या आधीच त्याने सांगितलं. क्लबचा मालक म्हणाला होता, गुडघा मोडलेला माणूस दोन वर्षं घरी बसला, यात लपवण्यासारखं काय होतं? आम्ही तुला तरीही घेतलं असतं. पण खोटं लिहिणाऱ्याच्या हातात संघ ठेवता येणार नाही.

हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, “माझं नाव निघालं का?”

“नाही,” तो म्हणाला.

परदेशात, त्या वयात, मोडक्या गुडघ्याच्या माणसाला पुन्हा कोणी क्लब देणार नाही, हे मला तेव्हाच कळत होतं. तो वाकून पुढचा चेंडू मांडत होता, आणि मला हायसं वाटत होतं.