दोन माणसांचा भात

"आधी जेव, मग रड."

आश्रमाच्या दारात नवं मूल आलं की सिस्टर एवढंच म्हणायच्या. नाव, गाव, कोणी आणून सोडलं, हे सगळं नंतर. आधी ॲल्युमिनियमची ताटली, तिच्यात भात, वर आमटी. पोरं बिचारी घाबरून जेवायची आणि जेवण झाल्यावर रडायचं विसरून जायची. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिला प्रत्येक दुःखाच्या मुळाशी रिकामं पोट दिसतं.

रंगीत टीव्ही नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. मी पार्ल्याहून अंधेरीच्या या कॅथलिक अनाथाश्रमात आठवड्यातून तीन दुपारी मुलींना शिवण शिकवायला जायचे. परत आले की सासूबाई दारातच विचारायच्या, "तिथलं काही खाल्लं नाहीस ना?" मी नाही म्हणायचे. धडधडीत खोटं. सिस्टरांच्या हातची कोलंबीची आमटी सोडायला मी काही संत नव्हते.

सिस्टर मूळच्या वसईच्या. बुटक्या, रुंद, पांढऱ्या झग्यावर कायम हळदीचा डाग. त्या तरुणपणी इथे आल्या तेव्हा भोवती भातशेती होती आणि फाटकाशी एक पाळणा असे. कोणी कोणी तान्हं मूल त्यात ठेवून जाई. मी गेले तोवर पाळणा माळ्यावर गेला होता. आता बहुतेक मुलांना आई होती. चार घरची धुणीभांडी करणारी, पोर कुठे ठेवायचं या काळजीने इथे आणून सोडणारी. अशी शंभर-सव्वाशे मुलं, आणि तेवढ्यांचा भात एका टोपात. सिस्टर मीठ मुठीने टाकत आणि ते कधी चुकत नसे. मुलींना कामं वाटून दिलेली. एकीने कांदे सोलायचे तर वर्षभर कांदेच. चुलीपाशी मात्र कोणी फिरकायचं नाही. "भाजेल गो, बाय!"

त्यातल्या एकीचं, शांतीचं, लग्न झालं. त्या पाळण्यात आलेली ही शेवटची मुलगी. नवरा कांजूरमार्गला एका कारखान्यात फिटर, साधा आणि हसरा. तिचे ब्लाउज मी शिवले. लग्नात सिस्टर इतक्या रडल्या की फादरना दोनदा थांबावं लागलं.

पंधराव्या दिवशी शांती ट्रंक घेऊन दारात उभी. सिस्टरांनी ताटली पुढे केली. तिने हात लावला नाही.

"मारलं काय त्याने?"

"नाय, सिस्टर."

"पितो?"

"नाय." तिने ट्रंक खाली ठेवली. "सिस्टर, दोन माणसांना तांदूळ किती घालायचे?"

तिने इतकी वर्षं तांदूळ निवडले होते, शिजवले कधीच नव्हते. पहिल्या दिवशी टोपभर भात केला. दुसऱ्या दिवशी घाबरून मूठभर घातले, ते करपले. दुकानात कधी गेली नव्हती, त्यामुळे डाळ कोणती मागायची तेही ठाऊक नव्हतं. नवरा आधी हसला, मग चिडला. "तुला काहीच कसं येत नाही गं?" म्हणाला. ते तिला लागलं आणि ती उठून आली.

सिस्टर ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "चूक तिची नाय, बाय," त्या मला म्हणाल्या. "मी पोरींना भरवलं. शिकवलं काय?"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली आणि तिथेच वाट लागली. सिस्टरांनाही दोघांचा स्वयंपाक येईना! मुठीची सवय झालेल्या हाताला चिमूट जमेना. त्यांची दोन माणसांची डाळ तोंडात धरवत नव्हती. शेवटी मी घरून वाटी नेली. एका वाटीला दोन वाट्या पाणी, असं मी सांगायचे, शांती करायची, आणि शेजारी स्टुलावर बसून साठीच्या सिस्टर गुपचूप शिकायच्या.

आठव्या दिवशी नवरा आला. फाटकाशी उभा राहून म्हणाला, "चल ना, शांते. मला तरी कुठे येतं काय? दोघं मिळून करू ना." शांतीने त्याला आत बोलावून स्वतः रांधलेला भात वाढला. तो दुसऱ्यांदा घेतो का, हे सिस्टर दाराआडून बघत होत्या. त्याने घेतला.

त्याच संध्याकाळी सिस्टर आश्रमाच्या प्रमुखांकडे, मदरकडे गेल्या. मी तिथे पडदे लावत होते.

"मोठी चूल बंद करा, मदर. दहा-दहा पोरींना एक खोली, एक स्टोव्ह. बाजार त्यांचा, रांधणं त्यांचं. आणि ज्याला आई आहे त्याने संध्याकाळी आईकडे जायचं. दिवसभर आपण सांभाळू."

"आणि तुम्ही काय करणार, सिस्टर?"

"माझं बघू मागाहून."

वर्षभरात तसंच झालं. संध्याकाळी फाटकाशी आया येऊ लागल्या आणि पोरं त्यांचं बोट धरून घरी जाऊ लागली. मोठा टोप पालथा पडला. सिस्टरांच्या हाताला काम उरलं नाही. त्या दुपारभर या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायच्या. मला त्यांचा रागच यायचा. आपल्याच हातांनी आपली गरज अशी संपवतं का कोणी?

एका शनिवारी मुली जेवायला बसल्या होत्या. सिस्टर दारात आल्या तशा साऱ्या ओशाळल्या. मोठी म्हणाली, "सिस्टर, बसा ना... पण आज दहाजणींचंच केलंय. मोजून."

"मोजून?" सिस्टर म्हणाल्या. "मग जेवा गो. थांबू नका."

त्या उंबऱ्यावर बसून राहिल्या, शेवटचा घास होईपर्यंत. मग उठून पातेल्यात डोकावल्या. एक शीतही उरलं नव्हतं आणि कोणी उपाशीही नव्हतं. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. मला मात्र ते बघवेना.

"जाते मी आता," त्या म्हणाल्या. मला वाटलं, सिस्टरांच्या मठात जेवायला चालल्या असतील. सोमवारी गेले तेव्हा कळलं, त्या वसईला गेल्या होत्या, कायमच्या.