आकांक्षाचं ताट

रामकिसन मापाडी उभ्या जन्मात दोनच गोष्टींना वचकून राहिले. एक, बायकोचा अबोला, आणि दुसरी, तराजूचा हलता काटा. परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तूर अन् सोयाबीन मापण्यात त्यांची हयात गेली. व्यापारी घाई करायचे, शेतकरी पोत्याला हात लावायचे, आणि हे मात्र काटा ठरेपर्यंत हाताची घडी घालून नुसते बघत राहायचे. वय झालं तसा मोंढा सुटला, बघत बसण्याची खोड काही सुटली नाही. मुंग्यांची रांग असो की शेजारचं भांडण, हे असं का होतं, याचा छडा लागल्याशिवाय गडी जागचा हलत नसे.

आणि घरात तर छडा लावावा अशी नातच होती. दहा वर्षांची आकांक्षा. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलेला. बोलायची थोडं, तेही तिच्या मनात आलं तर. पण एका कामामागून दुसरं काम येतं, ही साखळी एकदा अंगात मुरली की पोरगी त्यातून ढळत नसे. सून वंदनानं वर्षभर खपून तिला सकाळ शिकवली होती. ताट आपलं आपण घ्यायचं, जेवायचं, रिकामं झालं की उठायचं, घासून पालथं घालायचं. मग गणवेश, मग चप्पल, मग शाळेची रिक्षा. कुणी हात धरायचा नाही की मागे लागायचं नाही.

मुलगा राधेश्याम ट्रकवर, घरी कधीमधी. वंदनाला जालन्याच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, ती सकाळच्या गाडीनं जाऊ लागली, आणि सगळं बिनसलं. आकांक्षा जेवायला बसली की उठेचना. शेवटी ताट भिरकावून, कान दाबून रडायची. रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून निघून जायचा.

"आईची सवय हाय लेकराला," रामकिसन यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी निकाल दिला. मीठ-मोहरीनं दृष्टही काढून झाली.

वंदनानं हे ऐकून घेतलं. "आत्याबाई, या आठवड्यात तिची घडी बसली तर ठीक. न्हाई तर मी नोकरी सोडते." ती हे अगदी सरळ आवाजात म्हणाली, म्हणून रामकिसन यांना ते जास्तच लागलं. सुनेनं लग्नानंतर, पोर मांडीवर घेऊन नर्सिंगचा अभ्यास केला होता. आईनं घरीच असावं, हे पुष्पाबाईंचं मत सगळ्यांना ठाऊक होतं.

रामकिसन यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बैठक मारली. ताट तेच होतं, जागाही तीच. आधी त्यांना कुकरच्या शिट्टीचा संशय आला. त्यांनी कुकर लवकर लावायला लावला. फरक शून्य. मग त्यांनी तर्क करणं सोडलं आणि नुसते पोरीचे हात बघत बसले.

आकांक्षानं शेवटचा घास घेतला. डावा हात ताटाच्या काठावर ठेवला. उठणार, तोच पुष्पाबाईंनी ताटात चतकोर भाकरी टाकली, वर पळीभर वरण. पोरगी थबकली, पुन्हा खाऊ लागली. पुन्हा हात काठावर गेला, आणि पुन्हा भात आला. त्यानंतर ताट भिंतीवर आदळलं.

रामकिसन यांना हसू आलं. इतक्या वर्षांत या घरात त्यांनी स्वतःच्या ताटाचं बूड पाहिलं नव्हतं. पाहुण्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे, पुष्पाबाईंनी बोटांच्या फटीतून भात सोडायचा, सगळ्यांनी हसायचं. हा खेळ आकांक्षाला येत नव्हता. वंदना एकदाच वाढायची. इथं ताट रिकामंच होत नव्हतं, मग तिनं उठायचं कधी?

"ऐकलं का, उद्या तिला एकदाच वाढ. मंग हात लावू नको."

पुष्पाबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी लेकराला पोटभर खाऊ घालून राह्यले, हा माझा गुन्हा?"

"गुन्हा न्हाई. पण तिचं काम संपूच देईना तू."

"अन् अर्धपोटी उठली तर?"

"तिच्यासंगं डबा हाय की."

मग जो अबोला सुरू झाला तो झाला. सकाळी मात्र पुष्पाबाईंनी एकदाच भरपूर वाढलं, पळी न बोलता नवऱ्याच्या हातात दिली आणि आपले हात पदरात गुंडाळून बसल्या. आकांक्षानं ताट संपवलं. हात काठावर ठेवला. उठली मात्र नाही, आजीच्या पदराकडे बघत राहिली. पदरातले हात वळवळले. आता सुटतात की काय, असं रामकिसन यांना वाटलं. काहीच आलं नाही, तशी पोरगी उठली. नळाखाली ताट घासलं, पालथं घातलं. रिक्षाचा हॉर्न वाजला तेव्हा ती गणवेश घालून, पायात चप्पल अडकवून दारात उभी होती.

रिक्षा गेल्यावर पुष्पाबाईंना रडू फुटलं. "माझी गरजच लागली न्हाई तिला," त्या म्हणाल्या. रामकिसन नुसते शेजारी बसून राहिले.

दुपारी वंदनाचा फोन आला. पुष्पाबाईंनीच घेतला. "गेली साळंत. ताट बी घासलं तिचं तिनं."

पलीकडून वंदना हळूच म्हणाली, "आत्याबाई, मंग इथं सांगू का, मी नोकरी सोडत न्हाई म्हणून?"

पुष्पाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "सांग. अन् ऐक, तुझ्या डब्यात आज दोन भाकरी जास्तीच्या हायत. त्या माघारी आणू नको."