बातमीखालची जाहिरात

शाहूपुरीतला माझ्या ओळखीचा एक गृहस्थ बातम्यांची वेबसाइट चालवतो. भेटला की मोबाइल पुढं करायचा. "बघा की, बातमी उसाची, खाली जाहिरात खताची. बरोबर बसलीय का न्हाय?" बसली नसली, तर चहा निवेपर्यंत खटपट करत राहायचा.

माझी बायको कर्करोगानं गेली, तेव्हा तिची निधनवार्ता त्यानंच लावली. रात्री मी ती उघडली. तिच्या फोटोखाली एका दवाखान्याची जाहिरात होती: 'कर्करोग बरा होतो, वेळेत या.'

सकाळी मी मोबाइल त्याच्यापुढं धरला. "बरोबर बसलीय," एवढंच म्हणालो.

त्यानं तिथंच बसून त्या पानावरच्या सगळ्या जाहिराती काढल्या.

आता मी दिसलो, की तो मोबाइल खिशात घालतो.