आमढाणा त्या दिवशी दिसला नाही

मी चांदूर बाजारच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. चकवा, भानामती, अंगात येणं असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. आजही जातो. म्हणूनच हे लिहायला इतका उशीर झाला... आणि लिहून काही हलकं वाटेल अशी आशाही नाही.

साठ-एकसष्टची गोष्ट. धारणीच्या पलीकडे जीपने कच्च्या रस्त्यावर दीड-दोन तास गेलं की एक कडा लागतो. खाली अर्धगोल दरी, समोर धबधबा, त्याच्या पायथ्याशी काळंभोर कुंड, आणि दोन्ही उतारांवर जुना साग. मधल्या उघड्या माळावर आमढाणा — कोरकू आदिवासींचं गाव, अकरा घरं. शाळेची सहल घेऊन मी तिथं पहिल्यांदा गेलो आणि त्या दरीने मला पार वेड लावलं. पुढे दर सुटीत एकटाच जायला लागलो. रात्र पडली की झापू पटेलच्या ओसरीवर मुक्काम. झापू म्हणजे गावचा प्रमुख. त्याची बायको फुलाय मला ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढायची.

मग कानावर आलं, त्या सागाची सरसकट तोड होणार आहे.

अकोल्याच्या जठारपेठेत राहणारे गोविंदराव वकील माझे जुने मित्र. आम्ही दोघांनी ठरवलं — ही दरी सरकारने संरक्षित निसर्गस्थळ म्हणून जाहीर केली पाहिजे. दोन वर्षं आम्ही त्यापायी झिजलो. अमरावतीत सभा घेतल्या, फोटो छापले, अर्जामागून अर्ज केले. सह्या गोळा केल्या, त्यात पहिला अंगठा झापूचा.

"मोहाची झाडं राह्यतीन ना, मास्तर?" त्याने विचारलं.

"राहतील."

"मंग सांगा, अंगठा कुठी लावू?"

पहिला प्रस्ताव परत आला. दुसरा लिहायला आम्ही गोविंदरावांच्या घरी बसलो. माझं अक्षर बरं, म्हणून लेखणी माझ्या हातात. 'मनुष्यवस्ती' असा एक रकाना होता. मी लिहिलं — एक गाव, अकरा घरं. गोविंदरावांनी त्यावर बोट ठेवलं.

"मास्तर, हे काहाले लिहिता? मागच्या खेपेले इथंच अडलं."

"पण गाव आहे ना तिथं..."

"आहे तं आहे! आधी दरी वाचवू. मंग त्यायच्यासाठी वेगळा अर्ज करू. जंगलच गेलं तं त्यायले तरी काय राहीन?"

मी नवा कागद घेतला आणि त्या रकान्यात लिहिलं — 'निरंक'. मनात म्हटलं, पाहणीला वनखात्याचे साहेब येतीलच. त्यांना गाव दिसेल, ते दुरुस्त करतील. म्हणजे खरं सांगायचं काम मी दुसऱ्यावर टाकून मोकळा झालो.

पौषात पाहणी झाली. सकाळचे अकरा. आभाळ स्वच्छ, धुकं नाही, ऊन आमच्या पाठीशी. कड्यावर आम्ही चौघं — साहेब, गोविंदराव, मी आणि जीपचा ड्रायव्हर. साहेबांनी विचारलंच तर गुराख्यांच्या तात्पुरत्या झोपड्या आहेत असं सांगायचं, हे गोविंदरावांनी आणि मी जीपमध्ये बसण्याआधीच ठरवलं होतं. मी खाली पाहिलं.

माळावर गवत होतं. नुसतं पिवळं गवत.

घरं नव्हती. कुंडाकडे जाणारी पायवाट नव्हती. गुरं नाहीत, धूर नाही. झापूच्या दारातला आंबा तेवढा जागेवर होता — आणि त्याच्यामागे घर नव्हतं. मला वाटलं आपण चुकीच्या कड्यावर आलो. पण धबधबा तोच, कुंड तेच.

साहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली. "वा! अगदी निर्मनुष्य आहे," ते म्हणाले आणि दुर्बीण गोविंदरावांकडे दिली. गोविंदराव बराच वेळ पाहत राहिले. दुर्बीण माझ्या हातात देताना त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी तो माळ हात-हात करून तपासला. आंब्याच्या बुंध्यावर तर कितीतरी वेळ नजर रोखून होतो.

'साहेब, इथं गाव आहे' असं म्हणायला मी तोंड उघडलं... पण बोट कुठं दाखवणार होतो? साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवून उभ्या उभ्या शेरा लिहिला. त्यांना परतायची घाई होती. आम्ही दोघं मागे थांबलो.

जीप गेल्यावर आम्ही दरी उतरलो. तासाभराची उतरण. शेवटच्या वळणावर कुत्रं भुंकलं... आणि समोर आमढाणा. अकराच्या अकरा घरं. बाया डोक्यावर पाणी घेऊन चालल्या होत्या. गोविंदरावांनी पहिल्या घराच्या कुडाच्या भिंतीला तळहात लावला आणि तसेच उभे राहिले.

झापू आंब्याखाली बसला होता. एरवी धावत येणारा माणूस उठला नाही.

"मास्तर, तुमी वर उभे होते."

"हो."

"आमी समदे बाहेर आलो. हात केले, ढोल वाजवला. तो साहेब डोयाले नळी लावून आमच्याकडंच पाहून राह्यला होता. मंग तुमी पाह्यलं. माह्या तोंडाकडं पाह्यलं, मास्तर! काहून नाही हात केला?"

फुलायने पाणी आणून दिलं, ते मी तसंच खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा पुन्हा कड्यावर चढलो. गाव स्वच्छ दिसत होतं. दुर्बिणीशिवाय मी घरं मोजली.

घरी येऊन त्याच आठवड्यात मी दुरुस्तीचं पत्र धाडलं. उत्तर आलं — प्रत्यक्ष पाहणीत वस्ती आढळलेली नाही, सबब आपल्या म्हणण्याचा विचार करता येत नाही. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मग दरी संरक्षित म्हणून जाहीर झाली. अमरावतीत आमच्या गळ्यात हार पडले. कागदावर गावच नव्हतं, तेव्हा दुसरीकडे जमीन देण्याचा प्रश्न आला नाही. आमढाणा अतिक्रमण ठरला. पावसाळ्याच्या तोंडावर घरं मोडली गेली. कुणी बुऱ्हाणपूरकडे गेलं, कुणी परतवाड्याच्या वीटभट्ट्यांवर.

पुढच्या वर्षी धारणीच्या बाजारात मला फुलाय भेटली. एकटीच होती. भर पावसात, उघड्यावर, झापू तापाने गेला होता.

"जाताना म्हने, मास्तर भेटले तं इचारजो... आमी खरंच दिसलो नाही काय?"

"नाही दिसलात, फुलाय," मी म्हणालो. "देवाशपथ नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरची मोळी सावरली आणि बाजारात निघून गेली. तिला ते खरं वाटलं की नाही, मला कळलं नाही. ती मला पुन्हा भेटली नाही.

गोविंदराव आता नाहीत. त्या सकाळबद्दल आम्ही दोघं शेवटपर्यंत एकदाही बोललो नाही. चार माणसांना एकाच वेळी असा भ्रम होतो का, हे मी एका डॉक्टरांना विचारलं, एका संन्याशाला विचारलं. दोघांनीही नकारार्थी मान हलवली. कड्यावरून गाव दिसलं नाही, त्या क्षणी घाबरण्याच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे मी फुलायला सांगितलं नाही.