खंडेनवमीला वाळत ठेवलेले चित्र

तुकोजी दौलतगंजातील कॉलेजच्या फाटकावर पहारेकरी होते. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले. तुकोजींच्या हाती किल्ल्यांचा जुडगा आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ते त्या जुडग्याची पूजा तलवारीच्या मानाने करीत. पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्यापर्यंत उचलायची नाही, म्हणून त्या दिवशी फाटकाला कुलूप लागत नसे.

मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होणार होता, त्या वर्षाची ही गोष्ट. प्राचार्य शरच्चंद्र यांची बदली भोपाळला झाली होती आणि खंडेनवमीच्याच संध्याकाळी त्यांची गाडी होती. त्यांना भेट देण्यासाठी पाद्री जगदेवराव यांनी फाटकापाशी बसून कॉलेजच्या जुन्या इमारतीचे जलरंगातील चित्र काढले होते. वयोमानाने त्यांचा हात कापत असे. दुसरे चित्र आता होणे नव्हते.

दुपारी चित्र वाळत ठेवून ते प्रार्थनेसाठी निघाले. "तुकोजीराव, जरा नजर असू द्या."

तुकोजींनी पाटावर किल्ल्या मांडल्या, घंटेचा हातोडा मांडला. मग त्यांना वाटले, पाद्रीबाबांची हत्यारे तेवढी पूजेवाचून राहिली. त्यांनी कुंचले पाटावर ठेवले आणि भक्तिभावाने ओल्या कुंकवाचे बोट चित्रालाही लावले. कागद ओलसर होता. कुंकू कमानीवरून पायऱ्यांपर्यंत ओघळले.

जगदेवराव परतले तेव्हा तुकोजी मान खाली घालून उभे होते.

"गलती झाली, पाद्रीबाबा. तुमची सारी मेहनत पाण्यात घातली मी."

"पाण्यातलीच होती ती," असे म्हणत जगदेवरावांनी डाग झाकण्यासाठी कुंचल्याकडे हात नेला. तुकोजींचा चेहरा पडला.

"उचला, बाबा. पाप माझ्या माथी."

जगदेवराव थांबले. "माझे वडील पलटणीत होते. आम्ही ख्रिस्ती झालो, तरी या दिवशी ते बंदुकीला हात लावत नसत. आई चिडवायची, 'देव बदललात, बंदूक नाही बदलली!'"

त्यांनी हात मागे घेतला.

संध्याकाळी प्राचार्यांनी चित्र पाहिले. "हे लाल काय, पाद्रीसाहेब?"

"तुकोजीरावांनी पूजा केली आहे. झाकले असते, पण आज कुंचला उचलता येत नाही."

"भोपाळला आमच्यासाठी असे कोण करणार?" एवढेच म्हणून प्राचार्यांनी ते चित्र सामानात न देता टांग्यात स्वतःच्या मांडीवर घेतले.

तुकोजी फाटक सोडून दाल बाजारापर्यंत टांग्याच्या बाजूने चालत गेले. "आडवेच धरा, साहेब," ते पुन्हापुन्हा सांगत होते, "कुंकू अजून ओले आहे."